लंडनहून गाडी पुढे न्यावी की घरी पाठवावी? जहाजखर्चाचा हिशेब

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण दोघे पती-पत्नी स्वतःच्या इनोव्हा क्रिस्टाने बडोद्याहून निघून नेपाळ, तिबेट, मध्य आशिया आणि युरोप असा प्रवास करीत लंडनला पोहोचणार आहात. तेथून गाडी जहाजाने अटलांटिकपलीकडे न्यायची, कॅनडा आणि अमेरिकेत दीड महिना फिरायचे आणि मग ती तिकडूनच भारतात पाठवायची, असा बेत आहे. इंग्लंडमधील एका एजंटाने तेथील साउदॅम्प्टन बंदर ते कॅनडातील हॅलिफॅक्स बंदर या टप्प्याचे मालभाडे कळवले असून ते आपल्याला अपेक्षेपेक्षा कमी वाटले. म्हणून आपण विचारता आहात की, एवढ्या खर्चात गाडी पलीकडे नेणे योग्य ठरेल का, की ती लंडनहूनच घरी पाठवून तिकडे भाड्याची गाडी घ्यावी.

माझे मत आधी सांगतो. दीड महिन्यासाठी गाडी अटलांटिकपलीकडे नेऊ नये. मात्र तोच प्रवास सहा महिन्यांचा किंवा त्याहून मोठा असेल आणि आपण मेक्सिकोमार्गे दक्षिण अमेरिकेत उतरणार असाल, तर जरूर न्यावी. या दोन उत्तरांच्या मधली रेघ नेमकी कोठे पडते, हे आपल्याच आकड्यांवरून काढता येते. ते कसे काढायचे हे नीट कळले, तर कोणत्याही समुद्रापाशी आपल्याला दुसऱ्या कोणाला विचारावे लागणार नाही.

मी बडोद्यात गेली बावीस वर्षे कस्टम ब्रोकर, म्हणजे मालाची सीमाशुल्काची कामे करून देणारा मध्यस्थ, म्हणून काम करतो. रोजचे काम मकरपुऱ्यातील कारखान्यांच्या यंत्रसामग्रीचे. प्रवाशांच्या गाड्या वर्षाकाठी मोजक्याच हाती येतात, पण त्यांच्यावर माझा जीव जास्त आहे, कारण यंत्राच्या पेटीमागे एक कंपनी उभी असते आणि प्रवाशाच्या गाडीमागे दोन माणसे व त्यांची आयुष्यभराची बचत. अशा लोकांचे पैसे कोठे जातात हे मी जवळून पाहिले आहे. मालभाड्याच्या आकड्यात ते क्वचितच जातात. त्या आकड्याच्या अलीकडे आणि पलीकडे जे खर्च असतात, त्यांत जातात.

पहिली गोष्ट अशी की, आपण चुकीचा आकडा तोलता आहात. लंडनला पोहोचलेली गाडी कशीही करून बडोद्याला परत आणायचीच आहे. म्हणजे लंडन ते भारत हे भाडे तुमच्या नशिबी आहेच, तुम्ही अमेरिकेला जा किंवा जाऊ नका. म्हणून अमेरिकेला गाडी नेण्याचा खरा खर्च काढताना लंडन ते हॅलिफॅक्स आणि अमेरिका ते भारत या दोन टप्प्यांची बेरीज करावी आणि तीतून लंडन ते भारत हा टप्पा वजा करावा. उरलेला फरक हीच अमेरिकेची किंमत. बहुतेक लोक यातले एकच टोक पाहतात. कोणी फक्त पहिला टप्पा पाहून स्वस्त म्हणतो, कोणी सर्व टप्प्यांची बेरीज पाहून घाबरतो. आपल्या पत्रात अमेरिकेहून परतीच्या भाड्याचा उल्लेखच नाही, आणि तोच या प्रवासातील सर्वांत लांब आणि बहुधा सर्वांत महाग टप्पा आहे.

गाडी तिकडेच विकून टाकू, असा विचार मनात असेल तर तो सोडून द्यावा. परदेशी रहिवाशाला स्वतःच्या वापराची गाडी अमेरिकेत एक वर्षापर्यंत तात्पुरती आणता येते. ती त्यांच्या प्रदूषण आणि सुरक्षिततेच्या मानकांना उतरत नसली तरी चालते, पण त्याच अटीमुळे ती तेथे विकता येत नाही आणि मुदतीत देशाबाहेर न्यावीच लागते. त्यासाठी पर्यावरण खात्याचा ३५२०-१ आणि वाहतूक खात्याचा एचएस-७ असे दोन फॉर्म भरावे लागतात. त्यांची तयारी हॅलिफॅक्सला उतरण्यापूर्वीच करून ठेवावी, कारण कॅनडातून गाडी चालवत अमेरिकेत शिराल तेव्हा सीमेवरील अधिकारी तेच विचारतील.

आता एजंटाने पाठवलेला आकडा. त्यात जहाजावरचे मूळ भाडे आणि बहुधा इंधन अधिभार असतो. बंदरावर गाडी स्वीकारण्याचा खर्च, चढवण्याचे टर्मिनल हँडलिंग, निर्यातीची कागदपत्रे आणि बिल ऑफ लेडिंगचे (जहाज कंपनी माल घेतल्याची जी पावती देते आणि जी दाखवून पलीकडे माल सोडवतात तिचे) शुल्क कधी त्यात असते, कधी नसते. पलीकडच्या बंदरातील खर्च मात्र जवळजवळ कधीच नसतो. उतरवणे, तिकडचे टर्मिनल हँडलिंग, डिलिव्हरी ऑर्डर म्हणजे माल ताब्यात देण्याची चिठ्ठी, तिकडच्या कस्टम ब्रोकरची फी, तपासणी झाली तर तपासणीचे शुल्क आणि कंटेनर असेल तर तो उघडून गाडी बाहेर काढण्याचा खर्च, हे सगळे तेथे पोहोचल्यावर हातात पडते. तेव्हा आपली गाडी त्यांच्या कुंपणाच्या आत आणि आपण बाहेर असतो, म्हणून घासाघीस करण्याची जागा उरत नाही. एजंटाला एकच वाक्य लिहावे: गाडीची किल्ली हॅलिफॅक्सच्या फाटकाबाहेर माझ्या हातात पडेपर्यंत एकूण किती खर्च येईल, ते ओळीओळीने कळवा, आणि ज्या ओळीचा आकडा तुम्हाला ठाऊक नाही तेथे तसे लिहा. जो एजंट याचे उत्तर सरळ देतो त्याचा दर थोडा जास्त असला तरी तोच धरावा, हे मी अनुभवाने सांगतो.

रो-रो की कंटेनर, याचा निर्णय खर्चाइतकाच सामानावर ठरतो. रो-रो म्हणजे गाडी चालवत जहाजाच्या पोटात नेणे. त्यात भाडे घनमीटरवर लागते आणि ते कंटेनरपेक्षा सहसा कमी पडते, पण गाडी आतून रिकामी द्यावी लागते आणि किल्ली दुसऱ्याच्या हाती जाते. आपल्या गाडीत मागची आसने काढून केलेला पलंग, शेगडी, भांडी आणि सहा महिन्यांचे कपडे असणार. ते सामान वेगळे पाठवायचे म्हटले की रो-रोची बचत तेथेच संपते. शिवाय घनमीटर म्हणजे लांबी, रुंदी आणि उंची यांचा गुणाकार. इनोव्हा क्रिस्टा ४.७३५ मीटर लांब, १.८३ मीटर रुंद आणि १.७९५ मीटर उंच आहे, म्हणजे सुमारे १५.५ घनमीटर. तिच्या टपावर कॅरिअर आणि पेटी बसवून उंची २.१५ मीटर झाली, की तोच गुणाकार १८.६ वर जातो. पेटी रिकामी असली तरी भाडे वीस टक्क्यांनी वाढते, कारण जहाज हवेचेही पैसे घेते. टपावरचे सामान बंदरावर उतरवता येईल अशा रीतीने बसवून घ्या, असे मी प्रत्येकाला सांगतो, आणि दहांतले आठ जण वेल्डिंग करून येतात.

कंटेनरमध्ये हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. वीस फुटी कंटेनरच्या दाराची उंची सुमारे २.२८ मीटर असते. २.१५ मीटरची गाडी कागदावर सहज आत जाते, पण उतरणीवरून वर चढताना पुढची चाके आत आणि मागची अजून खाली असा एक क्षण येतो, तेव्हा टप तिरका होऊन दाराच्या चौकटीकडे सरकतो. बडोद्याजवळच्या दशरथच्या आयसीडीत, म्हणजे बंदरापासून दूर असलेल्या कंटेनर तळावर, एकदा मी स्वतः कंटेनरच्या दाराशी उभा राहून हाताने इशारे करत होतो, आणि टपावरच्या पेटीचे कुलूप चौकटीला दोन बोटांच्या अंतराने चुकले. आत गेल्यावर दुसरी गोष्ट. कंटेनरची आतील रुंदी सुमारे २.३५ मीटर आणि गाडीची १.८३, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम सव्वीस सेंटीमीटर. दार उघडून बाहेर येणे शक्यच नसते. चालक आरसे मिटवतो, काच पूर्ण खाली करतो आणि आधी डोके व खांदे बाहेर काढून कंटेनरच्या भिंतीला पाठ घासत मागे सरकतो. त्यानंतर मजूर पोटावर सरपटत चाकांना पट्टे बांधतात, ते जमिनीवरच्या कड्यांना ताणतात आणि चाकांपुढे-मागे लाकडी ठोकळे ठोकतात. ते लाकूड उष्णता-प्रक्रिया केलेले आणि आंतरराष्ट्रीय शिक्का असलेलेच हवे, नाहीतर पलीकडे केवळ ठोकळ्यांपायी कंटेनर अडतो. टाकीत इंधन थोडेच ठेवावे आणि बॅटरीची तार काढावी. गॅसचे लहान सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत आत राहू देऊ नये. सामानाच्या यादीत ते दडवले आणि सापडले, तर तो धोकादायक माल दडवल्याचा गुन्हा होतो.

आणखी एक खर्च स्वच्छतेचा. कॅनडा आणि अमेरिका, दोन्ही देश वापरलेल्या गाडीला चिकटून आलेल्या मातीबद्दल अत्यंत कडक आहेत. तिबेट आणि कझाकस्तान ओलांडून आलेल्या गाडीच्या चाकांच्या कमानीत, चॅसिसच्या पोकळीत आणि रेडिएटरच्या जाळीत तीन देशांची माती आणि गवताच्या बिया असतात. साउदॅम्प्टनला गाडी खालून वाफेने धुऊन, फोटो काढून, पावती घेऊनच बंदरात द्यावी. इकडे धुण्याला जे लागते त्याच्या कित्येक पट तिकडे पुन्हा धुण्याला आणि पुन्हा तपासणीला लागते. घरून नेलेला गोडा मसाला आणि लोणच्याच्या बरण्या तोवर संपवाव्यात किंवा लंडनला कोणाला तरी देऊन टाकाव्यात.

आता मी ज्या खर्चाला सर्वांत मोठा मानतो त्याकडे येतो. तो दिवसांचा खर्च आहे. गाडी बंदरात दिली त्या दिवसापासून पलीकडे ती हातात पडेपर्यंत आपण बिनगाडीचे प्रवासी असता. अटलांटिक ओलांडायला रो-रो जहाजाला साधारण आठ-दहा दिवस लागतात, पण त्याआधी गाडी काही दिवस अगोदर जमा करावी लागते, जहाजाची तारीख पुढे-मागे होते आणि उतरल्यावर कस्टम व तपासणीचे दिवस जातात. मी तीन आठवडे धरतो. या काळात विमानाची तिकिटे, हॉटेल, बाहेरचे जेवण आणि शहरातली ये-जा हा खर्च गाडीत झोपून आणि रांधून खाणाऱ्या जोडप्याच्या एरवीच्या खर्चाच्या कितीतरी पट असतो. शिवाय आपल्या दीड महिन्यातले किती दिवस या वाट पाहण्यात जातील आणि शेवटी परतीसाठी गाडी जमा करण्यात किती जातील, ते आपणच मोजा. व्हिसाची मुदत आपण विमानातून उतरलो की सुरू होते. ती गाडीसाठी थांबत नाही.

कंटेनर असेल तर आणखी एक घड्याळ चालते. जहाज कंपनी काही दिवस मोफत देते. त्या मुदतीनंतर कंटेनर टर्मिनलमध्ये पडून राहिला तर डेमरेज, आणि बाहेर नेऊन वेळेत रिकामा परत केला नाही तर डिटेन्शन, अशी रोजची आकारणी सुरू होते, आणि दिवस वाढत जातील तसा तिचा दरही चढत जातो. मोफत दिवस किती, हे दरपत्रकातच लिहून घ्यावे. चार दिवस आणि दहा दिवस यांत जो फरक पडतो तो कधीकधी भाड्यातील फरकाहून मोठा असतो.

एक प्रसंग सांगतो, कारण त्यात चूक माझी होती. आपल्या गुजरातेत आरसी बुकावर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचे नाव अशी रीत सर्रास आढळते. पासपोर्टवर दिलेली नावे वेगळ्या ओळीत आणि आडनाव वेगळ्या ओळीत असते. काही वर्षांपूर्वी रावपुऱ्यातील एका गृहस्थांची गाडी मी परदेशी पाठवली. बिल ऑफ लेडिंगचा मसुदा मी आरसीवरून तपासला आणि संमती दिली. पलीकडच्या बंदरात पासपोर्टवरचा क्रम वेगळा निघाला, आणि तेथील कार्यालयाने ही दोन वेगळी माणसे असू शकतात असे म्हणून डिलिव्हरी ऑर्डर अडवली. दुरुस्ती जेथून माल चढला तेथूनच व्हायची होती, आणि मधे शुक्रवार-शनिवार-रविवार आले. सहा दिवस गेले. ते गृहस्थ रोज सकाळी बंदराच्या फाटकाशी जाऊन परत येत आणि मला फोन करत. एकदाही आवाज चढवला नाही, म्हणून मला ते अधिक लागले. तेव्हापासून मी आरसी, पासपोर्ट, परवाना आणि बिल ऑफ लेडिंग ही चारही कागदे टेबलावर शेजारी-शेजारी ठेवून नावातले एकेक अक्षर पेन्सिलीने खुणावतो. आपणही तसेच करावे, आणि फरक आढळला तर निघण्यापूर्वीच आरटीओकडून दुरुस्त करून घ्यावा. त्याच बरोबर बिल ऑफ लेडिंगऐवजी सी वेबिल मागावे. मूळ बिलाचे कागद एका देशात आणि आपण दुसऱ्या देशात, अशी अवस्था प्रवाशावर वारंवार येते. सी वेबिलमध्ये ओळख पटवली की गाडी मिळते, मूळ कागद सादर करावा लागत नाही.

आता प्रत्यक्ष हिशेब मांडतो. पुढचे आकडे बाजारभाव नव्हेत. गणिताची रीत कळावी म्हणून धरलेले आहेत, त्यांच्या जागी आपण मिळवलेले आकडे घालावेत. समजा, फाटक ते फाटक सर्व धरून लंडन ते भारत ३.५ लाख, लंडन ते हॅलिफॅक्स ३ लाख आणि अमेरिकेचा पूर्व किनारा ते भारत ४ लाख रुपये. फरक झाला ३.५ लाखांचा. बिनगाडीच्या तीन आठवड्यांपैकी बारा दिवस जास्तीच्या खर्चाचे धरू, रोजचे दहा हजार जादा, म्हणजे १.२ लाख. सागरी विमा आता एका टप्प्याऐवजी दोन टप्प्यांचा, त्याचे जास्तीचे ४० हजार. परदेशी नंबरच्या गाडीचा तिकडचा विमा ६० हजार. एकूण ५.७ लाख. तिकडे विम्यासह भाड्याची गाडी दिवसाला सात हजारांना मिळते असे धरले, तर ५.७ लाखांत सुमारे ८१ दिवसांचे भाडे निघते. म्हणजे स्वतःची गाडी पलीकडे नेण्याची रेघ साधारण अडीच-पावणेतीन महिन्यांवर पडली. आपला बेत ४५ दिवसांचा आहे. त्या दिवसांत भाड्याची गाडी ३.१५ लाखांत होते, आणि वाट पाहण्याचे दिवस फिरण्यात जातात.

या गणितात एक न्याय्य दुरुस्ती मात्र केली पाहिजे. आपली गाडी हे घर आहे. आपण तिच्यात झोपता, चहा करता, पिठले-भात शिजवता. भाड्याची साधी मोटार घेतली तर रोज मोटेल घ्यावे लागेल, आणि झोपण्याची सोय असलेली कॅम्परव्हॅन घेतली तर तिचे भाडे मोटारीपेक्षा बरेच जास्त असते. म्हणून तुलना सारख्याची सारख्याशी करावी. एका बाजूला स्वतःची गाडी आणि कॅम्पिंगच्या जागेचे शुल्क, दुसऱ्या बाजूला कॅम्परव्हॅन आणि तेच शुल्क. असे केले की रेघ थोडी अलीकडे येते. माझ्या अंदाजाने तरीही ती दीड महिन्यापर्यंत खाली येणार नाही. बडोद्याच्या जीजे-०६ ची पाटी न्यूयॉर्कमध्ये पाहण्याचा आनंद मी कमी लेखत नाही. तो खर्चाच्या कोष्टकात एका वेगळ्या ओळीत लिहावा आणि त्यासाठी किती द्यायला तयार आहोत हे दोघांनी मिळून ठरवावे, पण तो भाड्याच्या आकड्यात मिसळू नये, कारण मग भाडे स्वस्त वाटू लागते.

विम्याबद्दल दोन गोष्टी वेगळ्या ओळखाव्यात. घरच्या मोटार विम्याला जादा हप्ता भरून जे परदेशातले संरक्षण मिळते ते नेपाळ, भूतान, बांगलादेश, पाकिस्तान, श्रीलंका आणि मालदीव एवढ्यापुरतेच असते. पुढे प्रत्येक ठिकाणी तिथला विमा. उत्तर अमेरिकेत परदेशी नोंदणीच्या गाडीला विमा देणारे थोडेच असतात, म्हणून तो हातात आल्याशिवाय जहाजाचे बुकिंग करू नये. सागरी विमा ही निराळी गोष्ट आहे. त्यात सर्व जोखमींचा विमा आणि मर्यादित विमा असे प्रकार असतात. वापरलेल्या गाडीला ओरखडे-पोचे यांची भरपाई बहुतेक वेळा वगळलेली असते, म्हणून लोक म्हणतात की विमा कशाला घ्या. पण तो घेण्याचे खरे कारण जनरल ॲव्हरेज हे आहे. जहाज आणि माल वाचवण्यासाठी जो असाधारण खर्च होतो तो जहाजावरील सर्व मालधारकांनी आपापल्या मालाच्या किमतीच्या प्रमाणात सोसावा, असा जुना सागरी नियम आहे. २३ मार्च २०२१ रोजी एव्हर गिव्हन हे जहाज सुएझ कालव्यात अडकले, सहा दिवसांनी सुटले, पण कालव्याच्या प्राधिकरणाशी तडजोड होऊन तेथून निघायला ७ जुलै उजाडला. त्यात जनरल ॲव्हरेज जाहीर झाले होते. ज्यांचा विमा नव्हता त्यांना माल सोडवण्यासाठी आधी स्वतःच्या खिशातून हमी द्यायची होती. २०२२ च्या फेब्रुवारीत फेलिसिटी एस या मोटारवाहू जहाजाला अटलांटिकमधील अझोर्स बेटांजवळ आग लागली आणि सुमारे चार हजार गाड्यांसह ते १ मार्चला बुडाले. अशी जहाजे रोज बुडत नाहीत हे खरे, पण मर्यादित विम्याचा हप्ता इतका थोडा असतो की तो वाचवण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

लंडन ते भारत या टप्प्याबद्दलही जुन्या हिशेबावर विसंबू नये. नोव्हेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रात गॅलक्सी लीडर हे मोटारवाहू जहाज पळवले गेले, आणि ते आपल्याच गुजरातेतील पिपावावकडे येत होते. त्यानंतर बहुतेक मोठ्या कंपन्यांनी आपली जहाजे आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून पाठवायला सुरुवात केली आणि प्रवास दहा ते चौदा दिवसांनी लांबला. आपण लंडनला पोहोचाल तेव्हा मार्ग कोणता चालू असेल त्याप्रमाणे अधिभार आणि दिवस बदलतील, म्हणून या टप्प्याचे दरपत्रक निघण्याच्या दोन महिने आधी पुन्हा मागवावे.

आपला बेत बदलून दक्षिण अमेरिकेपर्यंत जायचे ठरले, तर हिशेबात एक टप्पा वाढतो. पनामा आणि कोलंबिया यांच्यामध्ये डेरियनचे जंगल आहे. तेथे सुमारे शंभर किलोमीटर रस्ताच नाही, म्हणून प्रत्येक गाडी पनामातील कोलोनहून कोलंबियातील कार्ताहेनाला जहाजाने न्यावी लागते. अंतर थोडे, पण बंदरे दोन, आणि खर्च बंदरांचा असतो, अंतराचा नसतो. तेथे प्रवासी आपल्यासारखा दुसरा जोडीदार शोधून चाळीस फुटी कंटेनर वाटून घेतात, तसे केल्याने बरीच बचत होते. या मार्गावर आपल्या गाडीचा एक फायदाही आहे. इनोव्हा अमेरिकेत विकली जात नाही, त्यामुळे तिथे सुटे भाग मिळणे कठीण. दक्षिण अमेरिकेत मात्र टोयोटा हायलक्स सर्वत्र आहे, तिची निर्मितीच अर्जेंटिनात होते, आणि २.४ लिटरचे डिझेल इंजिन त्या कुटुंबातले असल्याने मेकॅनिक ते ओळखतात. फिल्टर, पट्टे आणि ब्रेकचे पॅड मात्र बडोद्याहूनच न्यावेत.

बँक हमीच्या कार्नेबद्दल, म्हणजे गाडी परदेशात तात्पुरती नेण्यासाठी लागणाऱ्या सीमाशुल्काच्या कागदाबद्दल, आपण विचारले आहे. युरोप, कॅनडा आणि अमेरिका कार्ने मागत नाहीत, दक्षिण अमेरिकेत सीमेवरच तात्पुरता परवाना मिळतो आणि मेक्सिको अनामत घेते, ती गाडी बाहेर नेल्यावर परत मिळते. म्हणून केवळ या टप्प्यासाठी हमीत पैसे अडकवण्याची गरज नाही. मात्र भारतातून बाहेर पडण्याच्या नोंदीकडे कोणी लक्ष देत नाही आणि तीच परतीला नडते. आपण सोनौली किंवा रक्सौलहून रस्त्याने नेपाळात शिरणार आहात. तेथे गाडी देशाबाहेर गेल्याची सीमाशुल्क खात्याची नोंद, चॅसिस आणि इंजिन क्रमांकासह, शिक्का मारून घ्यावी आणि तिची प्रत घरी मुलाकडे ठेवावी. गाडी न्हावा शेवाला किंवा मुंद्र्याला जहाजाने परत येईल तेव्हा ती येथूनच गेलेली आहे हे सिद्ध करावे लागते. पुनरायातीची सवलत साधारण तीन वर्षांच्या आत परत आणलेल्या मालाला आहे आणि तिचा सगळा डोलारा ओळख पटण्यावर उभा आहे. ती पटली नाही तर गाडीकडे परदेशातून आणलेली जुनी मोटार म्हणून पाहिले जाते, आणि त्यावरचे शुल्क गाडीच्या किमतीहून मोठे होऊ शकते. गाडीवर बँकेचे कर्ज असेल तर बँकेचे ना-हरकत पत्रही आत्ताच घ्यावे.

सध्या करण्यासारखी एकच गोष्ट आहे, आणि ती या आठवड्यात होऊ शकते. सगळे सामान, पाण्याचे कॅन आणि टपावरची पेटी लादून गाडी वजनकाट्यावर न्या. वजनाची पावती घ्या. मग सपाट जमिनीवर उभी करून टायरमधील हवा नेहमीची ठेवून सर्वांत उंच भागापर्यंत उंची मोजा, लांबी मागे जादा चाक बसवले असल्यास त्यासह आणि रुंदी आरसे मिटवून मोजा. तीन आकडे सेंटीमीटरमध्ये, वजन किलोत आणि नावाची स्पेलिंग पासपोर्टप्रमाणे, असे एका कागदावर लिहून लंडन-भारत, लंडन-हॅलिफॅक्स आणि अमेरिका-भारत या तिन्ही टप्प्यांसाठी प्रत्येकी दोन एजंटांकडून फाटक ते फाटक दर मागवा. उत्तरे आली की ती मला दाखवा. कोणती ओळ गाळली आहे, ते आपण मिळून शोधू.